बिल्ला आधी उलटा करा: स्पेशल फोर्सेसची चिन्हं जमवायला निघालेल्या नवख्यांसाठी

माझ्या संग्रहातला पहिला बिल्ला बनावट आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून साडेचार हजारांना घेतला होता. विटक्या हिरव्या कापडाचा बाहीचा तुकडा, त्यावर बाणाच्या टोकाच्या आकाराचं अमेरिकन स्पेशल फोर्सेसचं चिन्ह आणि त्याच्याही वर ‘स्पेशल फोर्सेस’ अशी अक्षरं भरलेली कमानदार पट्टी. सोबत किस्साही होता: हा जवान १९६८ साली व्हिएतनाममध्ये न्हा ट्रांगच्या तळावर होता, जॅकेट फाटलं, आईने बाही जपून ठेवली वगैरे. मी विरघळलो. महिनाभराने तो ठेवा पुण्यातल्या एका जुन्या संग्राहक काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तुकडा हातात घेतला आणि पुढची बाजू धड न बघताच उलटा केला. अर्धा मिनिट पाठ न्याहाळली. मग सुलटा करून कमानदार पट्टीवर नख टेकवलं.

“अरे, ही पट्टी मंजूर झाली १९८३ साली. तुझा गडी १९६८ला ती कुठून लावणार?”

मी म्हटलं, “पण काका, तुम्ही आधी उलटा का केलात?”

“पुढून सगळेच गोरेगोमटे असतात रे.”

त्या दिवसापासून मी हा छंद पाठीकडून शिकलो. हा लेखही तसाच आहे. उदाहरणं मुख्यतः अमेरिकन लष्कराच्या स्पेशल फोर्सेसची, म्हणजे ‘ग्रीन बेरे’वाल्यांची घेतली आहेत. त्यांची बरीच माहिती उघड आहे, तारखा नोंदलेल्या आहेत आणि नकलांचा सुळसुळाटही तिथेच जास्त आहे. ब्रिटिश एसएएसचा, म्हणजे ‘स्पेशल एअर सर्व्हिस’ या कमांडो तुकडीचा, थोडा उल्लेख येईल. आपल्याकडच्या बिल्ल्यांबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे, कारण तिथे प्रश्न नुसत्या खऱ्याखोट्याचा नाही, कायद्याचाही आहे.

पायरी १: ‘खरा’ म्हणजे काय, ते आधी स्वतःशी ठरवा

‘ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्न नवखा सगळ्यात आधी विचारतो, आणि त्याला सरळ उत्तर नसतं. एकाच नक्षीचे बिल्ले निदान सहा वाटांनी बाजारात येतात. सरकारी कंत्राटात बनून जवानाला मिळालेला. त्याच कारखान्यात बनलेला, पण छावणीबाहेरच्या दुकानातून जवानाने स्वतःच्या पैशाने घेतलेला. परदेशी मुलखात गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतलेला. युद्धानंतर वीस-तीस वर्षांनी निवृत्त सैनिकांच्या मेळाव्यासाठी बनवलेला. फसवायला किंवा नाटक-सिनेमाच्या कपड्यांसाठी बनवलेली नक्कल. आणि शेवटचा प्रकार, जो मला सगळ्यात गमतीदार वाटतो: मुळात कधी अस्तित्वातच नसलेला काल्पनिक बिल्ला. त्यावर कवटी, खंजीर, वीज, साप आणि एखादं भीतीदायक वाक्य असतं. कवटीवर जितका खर्च जास्त, तितका संशय जास्त, असा माझा अनुभव.

यांतले पहिले तीन संग्राहकाच्या दृष्टीने खरे. मेळाव्याचा बिल्लाही खोटा नाही, फक्त तो मेळाव्याचा आहे. विक्रेत्याने त्याला युद्धातला म्हटलं की तो खोटा होतो. म्हणजे बऱ्याचदा खोटेपणा कापडात नसतो, चिठ्ठीवर लिहिलेल्या वर्णनात असतो.

पायरी २: एक तुकडी, एक काळ

जगभरच्या कमांडोंचे बिल्ले एकदम गोळा करायला निघालात तर दोन वर्षांत चांगला दिसणारा कचरा जमेल. एक तुकडी निवडा, एक दशक निवडा. मी १९६०च्या दशकातले ग्रीन बेरे निवडले. तुम्ही दुसऱ्या महायुद्धातले चिंडिट घेऊ शकता. ऑर्ड विंगेटच्या या फौजेने १९४३ आणि १९४४ मध्ये ब्रह्मदेशात जपानी फळीमागे जाऊन मोहिमा केल्या. तिचं अधिकृत नावच ‘स्पेशल फोर्स’ होतं, आणि शत्रूला चकवण्यासाठी तिला ‘३ री भारतीय पायदळ डिव्हिजन’ म्हणत. निळ्या वर्तुळावर सोनेरी चिंथे, म्हणजे ब्रह्मी देवळांपुढचा सिंहासारखा प्राणी, आणि मागे पॅगोडा, असं तिचं चिन्ह. यातले कित्येक बिल्ले हिंदुस्थानातल्या बाजारांत हाताने भरलेले आहेत. त्यामुळे एकाचा चिंथे दुसऱ्यासारखा नसतो. एखादा तर चक्क मांजरासारखा दिसतो.

पायरी ३: तारखा तोंडपाठ करा

भिंग घेण्याआधी ही पायरी, कारण ती फुकट आहे आणि अर्धे खोटे बिल्ले इथेच गळतात. अमेरिकन स्पेशल फोर्सेसच्या या तारखा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत.

पहिली तुकडी, १० वा स्पेशल फोर्सेस ग्रुप, जून १९५२ मध्ये फोर्ट ब्रॅगला उभी राहिली. बाहीवरचं बाणाच्या टोकाचं चिन्ह, म्हणजे निळसर हिरव्या पार्श्वभूमीवर उभा खंजीर आणि त्याला छेदणाऱ्या तीन पिवळ्या विजा, ऑगस्ट १९५५ मध्ये मंजूर झालं. त्या तीन विजा म्हणजे जमीन, पाणी आणि हवा या तीन वाटा. वरची ‘एअरबोर्न’ पट्टी १९५८ मधली. दोन बाण एकमेकांना छेदतात, मधे खंजीर आणि भोवती ‘दे ओप्रेसो लिबेर’ ही लॅटिन अक्षरं, असा धातूचा बिल्ला १९६० मध्ये आला. त्यातले बाण त्याही आधीचे आहेत: अमेरिकन लष्करातल्या मूलनिवासी वाटाड्यांच्या, म्हणजे ‘इंडियन स्काउट्स’च्या चिन्हातून ते महायुद्धातल्या अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त ‘फर्स्ट स्पेशल सर्व्हिस फोर्स’कडे आले आणि तिथून इकडे. हिरवी बेरे टोपी १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी अधिकृत केली. त्या ऑक्टोबरात ते फोर्ट ब्रॅगला आले तेव्हा जनरल विल्यम यारबरो ती घालूनच समोर उभे होते. याच यारबरोंनी १९४१ मध्ये अमेरिकन छत्रीधारींच्या पंखांचा बिल्ला रेखाटला होता. एका माणसाचं एवढं हस्ताक्षर या छंदावर आहे. आणि ती माझी कमानदार पट्टी, १९८३.

एक पुरवणी महत्त्वाची. १९८३ नंतर जुन्या, पात्र सैनिकांनाही ती पट्टी लावायची परवानगी मिळाली. त्यामुळे व्हिएतनामला गेलेल्या माणसाच्या नंतरच्या गणवेशावर ती दिसली तर काहीच बिघडत नाही. व्हिएतनाममधल्या जॅकेटवर दिसली तर बिघडतं.

आता तारखांमधला सापळा बघा. टोपीवर धातूच्या बिल्ल्यामागे ढालीच्या आकाराचा कापडी तुकडा असतो, त्याला ‘फ्लॅश’ म्हणतात, आणि त्याचे रंग ग्रुपनुसार बदलतात. ७ व्या ग्रुपचा लाल, १० व्याचा हिरवा. पहिल्या ग्रुपचा पिवळा होता, केनेडींच्या हत्येनंतर त्याला काळी किनार लागली. ५ वा ग्रुप व्हिएतनामात होता, म्हणून त्याच्या काळ्या फ्लॅशवर दक्षिण व्हिएतनामच्या झेंड्यातले पिवळे-लाल तिरके पट्टे आले. १९८५ मध्ये ते काढले आणि पांढऱ्या किनारीचा नुसता काळा फ्लॅश राहिला. मग २०१६ मध्ये पट्टे परत आणले! म्हणजे पट्टेवाला फ्लॅश समोर आला तर तो एक तर १९८५ च्या आधीचा किंवा अगदी काल-परवाचा. पुढून दोन्ही सारखे. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

हेच आता ब्रिटिश राजमुकुटाचं झालंय. पुण्याच्या जुन्या बाजारात कळकलेले ब्रिटिशकालीन पितळी बिल्ले हाताळणाऱ्यांना ठाऊक असेल: गोलसर कमानींचा ‘किंग्ज क्राउन’ असला की १९५३ च्या आधीचा, आणि मधे खोलगट झालेला ‘क्वीन्स क्राउन’ असला की नंतरचा. पण २०२२ मध्ये चार्ल्स राजा झाले आणि गोलसर मुकुट परतला. इतकी वर्षं चाललेला सोपा ठोकताळा एका रात्रीत अर्धवट झाला. अशा वेळी तारीख कामाची राहत नाही, पाठ बघावीच लागते.

पायरी ४: हत्यारं जमवा

फार काही लागत नाही. सोनाराकडचं दहा पटीचं भिंग, अतिनील टॉर्च (नोटा तपासायची चालते), दाग-दागिन्यांचा छोटा वजनकाटा, कॅलिपर, लोहचुंबक. आणि एक वही.

या सगळ्याआधी मात्र एक खरेदी करा: संदर्भाचा नमुना. अमेरिकेत लष्करी चिन्हांचा कारभार ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेराल्ड्री’ ही संस्था पाहते. तिने मान्य केलेल्या कारखान्यांत बनलेला आजचा साधा, स्वस्त बिल्ला घ्या. जुना नाही, दुर्मीळ नाही. पण तो खरा आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असेल. तो आठवडाभर हाताळा. विजांचे कोपरे किती टोकदार भरले आहेत, खंजिराची मूठ कुठे संपते, पाठीमागे दोरा कसा धावतो, हे बोटांना कळू द्या. खोटं ओळखण्याआधी खऱ्याची सवय लागायला हवी. मी हे उलट्या क्रमाने केलं, साडेचार हजारांना.

पायरी ५: कापडी बिल्ला वाचणं

सावकाश वाचा, छंदाचा गाभा इथे आहे.

*कड.* जुन्या अमेरिकन बिल्ल्यांची कड ‘कापीव’ असते. कापडाच्या लांब पट्ट्यावर ओळीने बिल्ले भरत आणि मग एकेक कापून काढत. त्यामुळे भरतकामाबाहेर कापडाची बारीक किनार उरते, क्वचित सुटलेले दोरे दिसतात. नंतर आली ‘मेरो’ कड, कनेटिकटच्या मेरो कंपनीच्या यंत्रावरून तसं नाव पडलं. ब्लाउजच्या आत ओव्हरलॉक असते ना, तिचाच दाट, फुगीर अवतार समजा. बिल्ल्याभोवती गोल वळकटी बसल्यासारखी दिसते. अमेरिकन लष्करी बिल्ल्यांवर ही कड १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. वळकटी जिथे संपते तिथे दोऱ्याची शेपटी उरते, ती पाठीमागे वळवून चिकटवलेली असते. तेव्हा ‘१९५६ चा’ म्हणून जाड मेरो कडेचा बिल्ला आला तर भुवई उंचवा. उलट कापीव कड दिसली म्हणून लगेच नाचूही नका. नक्कल करणाऱ्यालाही कात्री वापरता येते.

*पाठ.* आता उलटा करा. यंत्रावरच्या भरतकामात वरचा दोरा रंगीत आणि खालचा, बॉबिनचा, बहुधा पांढरा किंवा काळा. कारखान्याच्या जुन्या बिल्ल्यात हा खालचा दोरा नक्षीच्या आकारात दाट बसलेला दिसतो आणि कालांतराने साईसारखा पिवळसर होतो. हल्लीच्या बऱ्याच बिल्ल्यांना पाठीमागे प्लॅस्टिकचा पातळ, चकचकीत थर असतो, इस्त्रीने चिकटवता यावं म्हणून. असा थर असलेला ‘१९६२ चा’ बिल्ला परत द्या. पाठीला वेल्क्रो असेल तरी तेच: अमेरिकन लष्कराने २००४ मध्ये नवा गणवेश आणला, त्यानंतर बाहीवर वेल्क्रो सर्रास झालं. संगणकावर चालणाऱ्या भरतकाम यंत्राची पाठ ओळखायला सोपी असते: प्रत्येक टाका सारख्या अंतराने, सारख्या ताणाचा, आणि मागे फाडून काढायच्या कागदी अस्तराच्या चिंध्या कोपऱ्यांत अडकलेल्या. माझ्या बाहीच्या तुकड्याची पाठ नेमकी अशी होती. पुढून पन्नास वर्षं म्हातारी, मागून परवाची.

*म्हातारपण.* नक्कल करणारे बिल्ला चहात भिजवतात. चहाचा रंग सगळीकडे सारखा चढतो, शिवणीच्या आत, टाक्यांच्या खाली, पाठीवर, सगळीकडे. खरं ऊन तसं करत नाही. उन्हाने पुढची बाजू विटते, पाठ तजेलदार राहते. गणवेशावर शिवलेला बिल्ला उसवला तर त्याच्या खालचं कापड भोवतालपेक्षा गडद निघतं, आणि बिल्ल्याच्या कडेने सुईच्या भोकांची ओळ सापडते. एक सुटा बिल्ला, ‘जॅकेटवरून काढलेला’ म्हणून विकला जातोय, आणि कडेला एकही भोक नाही? मग तो कुठल्या जॅकेटवर होता, डिंकाने?

*अतिनील दिवा.* खोली अंधारी करा. नव्या कृत्रिम दोऱ्यात चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर पांढरी झळकतात. महायुद्धकाळातला सुती बिल्ला सहसा मंद राहतो. पण या दिव्यावर आंधळा विश्वास नको, कारण आपल्या धुण्याच्या पावडरीतही तीच रसायनं असतात. खरा जुना बिल्ला कुणा गृहिणीने प्रेमाने धुतला असेल तर तोही झळकेल, आणि १९६०च्या दशकातला कृत्रिम दोरा तर न धुताच झळकू शकतो. म्हणून महायुद्धकाळातल्या म्हणवणाऱ्या बिल्ल्यासाठी माझा नियम: सगळा बिल्ला मंद झळकतोय आणि फक्त दोरा किंवा कडच लख्ख पेटतेय, तेव्हा संशय घ्यायचा, कारण धुण्याने सगळंच उजळतं, एखादा भाग नाही.

*जाळून बघणं.* सुती दोरा जळताना कागदासारखा वास येतो आणि राख उरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. हे फक्त आधीच सुटून आलेल्या धाग्यावर, चिमट्यात धरून. बिल्ल्याला काडी लावणारे महाभाग मी पाहिले आहेत.

पायरी ६: धातू

धातूचा बिल्ला दोन तऱ्हांनी बनतो. ठशाचा, म्हणजे पोलादी साच्यांमध्ये पत्रा दाबून, आणि ओतीव. अमेरिकन कारखान्यांचे अधिकृत बिल्ले ठशाचे. भिंगाखाली ठशाची अक्षरं धारदार दिसतात, सपाट भाग आरशासारखा आणि बाणांच्या मधली आरपार कापलेली जागा स्वच्छ, तिच्या आतल्या भिंतीवर उभे ओरखडे. नक्कल करणारा बहुतेक वेळा खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेतो आणि ओततो. मग अक्षरं साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी मऊ होतात, पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं येतात. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. इथे कॅलिपर कामाला येतो आणि इथेच तो संदर्भाचा नमुना.

पाठीवर कारखान्याची खूण शोधा. न्यूयॉर्कच्या एन. एस. मायर आणि जेम्स्को या जुन्या नावांची ओळख लवकर होईल. त्याशिवाय हेराल्ड्री संस्थेने कारखान्यांना दिलेले अक्षर-अंकांचे छोटे संकेत असतात. खूण ठशातच उमटलेली हवी, नंतर कोरलेली नको. मागची पिन साडीपिनेसारखी आहे की दोन खिळे आणि त्यावर दाबून बसवायच्या टोप्या, हेही काळ सांगतं: टोप्यांची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आली आणि पुढे तीच रुळली.

लोहचुंबक पितळेला चिकटत नाही, स्वस्त लोखंडी नकलेला चिकटतं. अपवाद व्हिएतनामचा. तिथले कारागीर पातळ पत्रा ठोकून त्यावर रंग भरत आणि स्पेशल फोर्सेसचा बिल्ला बनवून जवानांना विकत. संग्राहक त्यांना ‘बिअर कॅन’ बिल्ले म्हणतात. ओबडधोबड, हलके, वाकलेले, आणि आज सरकारी बिल्ल्यापेक्षा महाग. चांगलं काम म्हणजे खरं, असं समीकरण मांडणारा इथे फसतो.

व्हिएतनामची गोम

ही वेगळी पायरी नाही, धोक्याची पाटी आहे. १९६४ ते १९७२ दरम्यान व्हिएतनाममध्ये अमेरिकेची ‘एमएसीव्ही-सॉग’ नावाची गुप्त संघटना होती. नाव निरुपद्रवी, ‘अभ्यास आणि निरीक्षण गट’. तिच्या छोट्या टेहळणी तुकड्यांना अमेरिकन राज्यांची, सापांची नावं असत, आणि त्या लाओस-कंबोडियात घुसत. या तुकड्यांचे बिल्ले आज या छंदातले सगळ्यात महागडे आणि सगळ्यात जास्त नकल झालेले.

कारण सोपं आहे. ते कधीच अधिकृत नव्हते. तुकडीतल्या कुणीतरी कागदावर चित्र काढायचं, गावातल्या शिंप्याने ते शिवायचं. अधिकृत नक्षी नाही, मंजुरीची तारीख नाही, कारखान्याची खूण नाही. तुलना कशाशी करणार? त्यात दक्षिण व्हिएतनामी शिंप्याचं काम हाताने फिरवलेल्या यंत्रावरचं: टाके कुठे लांब, कुठे आखूड, एका अक्षराकडून दुसऱ्याकडे न तोडता नेलेला दोरा, पाठीला कागद किंवा जाळीदार कापडाचा आधार. हे सगळं आज कुणी शिंपी मुद्दाम करू शकतो, आणि करतो.

तरी एक गोष्ट किस्सेवाल्यांना पकडते. ही माणसं सीमेपलीकडे जाताना अंगावर कुठलंही चिन्ह ठेवत नसत. पकडले गेले तर अमेरिकेचा संबंध दिसू नये म्हणून गणवेश कोरा. बिल्ले असत ते तळावर परतल्यावर घालायच्या पार्टी जॅकेटवर, खिशाला लटकवायच्या तुकड्यावर. म्हणून ‘लाओसच्या जंगलात रक्ताने माखलेला सॉगचा बिल्ला’ असं वर्णन वाचलं की मी चहा ठेवतो आणि ते पान बंद करतो. पहिल्या पाच वर्षांत या वाटेला जाऊच नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

एसएएसबद्दल थोडक्यात. जुलै १९४१ मध्ये डेव्हिड स्टर्लिंगने उत्तर आफ्रिकेत ही तुकडी उभी केली. बिल्ल्यावर ज्वाळांतली तलवार अपेक्षित होती, ती शिवून येता येता पंख असलेला खंजीर झाली, असं सांगतात. कापडी बिल्ला आणि टोपीचा रंग यांची सांगड बघा: आधी पांढरी, ती टिंगल होऊन लगेच गेली, मग वाळूच्या रंगाची, १९४४ मध्ये मरून, १९५७ मध्ये पुन्हा वाळूची. टोपी आणि बिल्ला वेगवेगळ्या काळातले एकत्र शिवलेले फार दिसतात.

पायरी ७: किस्सा फुकटच घ्या

विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा. कुठून मिळाला? पाठीचा फोटो पाठवाल का? पटला नाही तर परत घ्याल का? दुसऱ्या प्रश्नावर जो चिडतो, त्याच्याकडून तिसऱ्याचं उत्तर ऐकायची गरज नाही.

वस्तूचा पूर्वेतिहास म्हणजे कागद: सैनिकाचं मुक्ततेचं प्रमाणपत्र, पत्रं, त्याच गणवेशातला फोटो, आणि हे सगळं एकाच घरातून एकत्र आलेलं. तोंडी कहाणी म्हणजे पूर्वेतिहास नव्हे, मग ती सांगणारा कितीही सज्जन असो. कित्येकदा तोही तीच कहाणी विकत घेऊन बसलेला असतो. कागदपत्रांत सैनिकाचा सेवा क्रमांक, घरचा पत्ता असतो. तो झाकल्याशिवाय कुठेही फोटो टाकू नका.

परदेशातून मागवताना टपालावर लागणारा सीमाशुल्काचा आकडा आधी धरा, नाहीतर हजाराचा बिल्ला दीड-दोन हजारांना पडतो. आणि हो, जगभरचे जरीचे ब्लेझर-बिल्ले वाराणसीत आणि सीमेपलीकडे सियालकोटमध्ये हाताने भरले जातात. काम अप्रतिम असतं. तेव्हा ‘इंग्लंडहून मागवलेला’ जरीचा बिल्ला आपल्याच मुलखातून फिरून आलेला असण्याची शक्यता धरूनच किंमत ठरवा.

आपल्याकडचे बिल्ले: हात जपून

आपल्या पॅरा स्पेशल फोर्सेसचं ‘बलिदान’ चिन्ह सगळ्यांना ओळखीचं झालं ते २०१९ च्या विश्वचषकात, महेंद्रसिंग धोनीच्या ग्लोव्हजमुळे. आयसीसीने ते काढायला लावलं होतं. खाली टोक केलेला खंजीर, पात्यातून वर जाणारे पंख आणि पात्यावर देवनागरीत ‘बलिदान’. ते फक्त पॅरा स्पेशल फोर्सेसवाले लावतात. मरून टोपी मात्र सगळ्याच छत्रीधारी सैनिकांची असते. म्हणजे मरून टोपी दिसली की स्पेशल फोर्सेस, हे चूक.

इथेही तारखा कामाला येतात. १९६५ च्या मेजर मेघसिंग यांच्या ‘मेघदूत फोर्स’मधून पुढे १९६६ मध्ये ९ पॅरा उभी राहिली, तेव्हा या बटालियन ‘पॅरा कमांडो’ म्हणवत. ‘स्पेशल फोर्सेस’ हे नाव नंतरचं. सत्तरच्या दशकातली म्हणून ‘स्पेशल फोर्सेस’ लिहिलेली खांद्यावरची पट्टी कुणी दाखवली तर माझी ती १९८३ ची पट्टी आठवा. मराठी वाचकाला एक गोष्ट आवडेल: २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) ही मुळात २१ मराठा लाइट इन्फंट्री, १९९६ मध्ये तिचं रूपांतर झालं, आणि टोपणनाव ‘वाघनख’.

आता कायदा. सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने गणवेश किंवा तशी खूण अंगावर घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधी दंड संहितेत हे कलम १४० होतं. सेनेचा नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनी पहिल्यांदा दिसला. त्याच्या नक्षीची सेनेने नोंदणी करून घेतली आहे, ते कापड रस्त्यावर विकणं बेकायदा. पठाणकोटच्या २०१६ च्या हल्ल्यानंतर सेनेने लोकांना आणि दुकानदारांना लष्करी धर्तीचे कपडे वापरू-विकू नका असं सांगितलं होतं, ते उगाच नाही.

म्हणून माझ्यापुरते नियम असे. भारतीय बिल्ला चौकटीत किंवा अल्बममध्ये, अंगावर कधीच नाही, टीशर्टवरही नाही. तो निवृत्त सैनिकाने किंवा त्याच्या घरच्यांनी स्वतःहून दिला तरच घ्यायचा. सेवेत असलेल्या कुणाकडे मागायचा नाही. उरणजवळच्या करंजाला नौदलाच्या मरीन कमांडोंचा तळ आहे, आयएनएस अभिमन्यू. ओळखीने तिथल्या कुणाला गाठून ‘एखादा बिल्ला मिळेल का’ विचारणारे उत्साही लोक मला भेटले आहेत. तसं करू नका. त्या माणसालाही अडचणीत टाकाल. आणि महाराष्ट्र पोलिसांचं फोर्स वन किंवा गडचिरोलीचं सी-६० ही पोलीस दलं आहेत. त्यांचे बिल्ले लष्करी म्हणून विकणारा एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला तसं समजतोय.

पायरी ८: घरी आणल्यावर

धातूला घासायचं नाही. पितळ कळकलं, काळवंडलं तरी राहू द्या. पॉलिश लावून लख्ख केलेला बिल्ला संग्राहकाच्या नजरेत सोललेल्या बटाट्यासारखा. हिरवी पूड धरली असेल तर लाकडी दातकोरणीने हलकेच खरवडा, बस.

कापड आणि धातू एकत्र ठेवू नका. स्टेशनरीच्या दुकानातली स्वस्त मऊ प्लॅस्टिकची पाकिटं टाळा. वर्षा-दोन वर्षांत चिकट होतात आणि पितळेवर हिरवं आणतात. आम्लविरहित कागद, पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं, लाकडी कपाटापेक्षा लोखंडी पेटी. डांबराच्या गोळ्या असल्याच तर पेटीच्या कोपऱ्यात कापडात बांधून, बिल्ल्याला न टेकवता. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर मे संपायच्या आत सिलिका जेलच्या पुड्या बदला आणि ऑगस्टमध्ये एकदा पेटी उघडून कसर लागली नाही ना ते बघा.

वहीत प्रत्येक बिल्ल्याला एक पान: घेतल्याची तारीख, कुणाकडून, किती रुपये, मिलिमीटरमध्ये माप, वजन, पुढचा फोटो, पाठीचा फोटो, आणि खरा का वाटला त्याची कारणं. कारणं पेनने लिहा, म्हणजे नंतर मत बदललं तर खोडलेलं दिसेल. माझ्या वहीतल्या पान १ वर दोन ओळी खोडलेल्या आहेत आणि समासात काकांच्या अक्षरात लिहिलंय: १९८३.